घरचे मैदान आणि यजमान

राधानगरीच्या एस.टी. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर गेली काही वर्षे एक वाद चालू आहे. भारताच्या फुटबॉल संघाचे घरचे मैदान कोणते असावे, हा त्याचा विषय. ज्या गावात पावसाळ्याचे चार महिने मैदानावर पाणी हटत नाही आणि जिथून नाव घेण्याजोगे स्टेडियम पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापुरात आहे, तिथल्या आम्हां पाच-सहा जणांना हा प्रश्न का पडावा, असे कोणालाही वाटेल. आम्हांलाही ते अधूनमधून वाटते. तरीही वाद थांबत नाही, आणि त्यातून जे हाती लागले ते आम्हांलाच अडचणीत टाकणारे असल्यामुळे इथे मांडून ठेवावेसे वाटले.

भारतीय संघाला ठरलेले घर नाही. २०२३च्या मार्चमध्ये तो इंफाळला खेळला, जूनमध्ये भुवनेश्वरला, तिथून बंगळुरूला, नोव्हेंबरमध्ये पुन्हा भुवनेश्वरला. २०२४मध्ये गुवाहाटी, कोलकाता आणि हैदराबाद. २०२५च्या मार्चमध्ये शिलाँग आणि ऑक्टोबरमध्ये मडगाव. तीन वर्षेही पुरती झाली नाहीत तोच आठ शहरे झाली. क्रिकेटचा संघही असाच गावोगाव फिरतो, पण त्याच्या फिरण्याला दौलतीची मिरवणूक म्हणता येते. गाव कोणतेही असो, स्टेडियम भरते. फुटबॉलच्या संघाचे फिरणे बिऱ्हाड पाठीवर घेतल्यासारखे वाटते. वादाचे मूळ या वाटण्यात आहे.

आमच्यातले इतिहासाचे मास्तर कोलकात्याच्या बाजूचे. सॉल्ट लेकचे मैदान १९८४चे. १९९७मध्ये फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर आले, तेव्हा तिथे सव्वा लाखाहून अधिक माणसे होती. १५ ऑक्टोबर २०१९ रोजी बांगलादेशविरुद्धच्या सामन्याला साठ हजारांवर प्रेक्षक आले आणि आदिल खानने अखेरच्या मिनिटांत हेडरने बरोबरी साधून त्यांची लाज राखली. सुनील छेत्रीने ६ जून २०२४ रोजी निरोपाचा म्हणून जो सामना खेळला, तोही तिथेच. मास्तरांचे म्हणणे असे, की घर म्हणजे जिथे आठवणी साठतात ते. फिरत्या संघाच्या आठवणी ठेवायच्या कुठे?

दुसरा पक्ष ईशान्येचा. संघातली कितीतरी मुले मणिपूर-मिझोरमची. त्यांच्या आयाबायांना खेळ पाहता यावा, एवढे तरी देशाने करावे. निवृत्ती मागे घेऊन छेत्री परत आला तो शिलाँगला, मालदीवविरुद्धच्या सामन्यात, आणि भारताने तो सामना ३-० असा जिंकला. तिसरा पक्ष गोव्याचा. त्याचे कारण उघड स्वार्थाचे आहे: आमच्या दारावरून जाणारा रस्ता दाजीपूरवरून फोंडा घाट उतरतो, आणि पुढे चार-पाच तासांत मडगाव येते. मुंबईचा कैवार मात्र कोणी घेत नाही. का, ते पुढे येईलच.

आमच्यातला सर्वांत धाकटा, जीपगाडी चालवणारा, प्रत्येक वेळी एकच मुद्दा मांडतो: “आपल्या कोल्हापुरात आणा की! एवढं पब्लिक कुठं हाय दुसरीकडं?”

हा वाद एकट्या आमचा नाही. लंडनचे जुने वेम्बली २०००च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाले आणि नवे २००७मध्ये उघडले. मधली वर्षे इंग्लंडचा संघ मँचेस्टर, लिव्हरपूल, न्यूकॅसल असा हिंडत होता. वेम्बलीऐवजी नवे राष्ट्रीय मैदान बर्मिंगहॅमला बांधावे, अशी खटपटही त्या काळात झाली. २००१मध्ये ग्रीसविरुद्ध बेकहॅमने शेवटच्या क्षणी मारलेली फ्री किक ही त्या फिरत्या दिवसांतली, मँचेस्टरच्या मैदानावरची. म्हणजे बिऱ्हाडातही आठवण साठते, हे मास्तरांना दिलेले आमचे उत्तर. जर्मनी आणि स्पेन यांना तर ठरलेले घर नाहीच, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेले दिसत नाही. अशा उदाहरणांनी वाद लांबतो, सुटत नाही.

त्याला वळण लागले ते कोल्हापूरमुळे. कोल्हापूरचा फुटबॉल जाणणाऱ्यांना ठाऊक आहे, की तिथे ‘घरचे मैदान’ ही कल्पनाच लागू पडत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, या सगळ्यांचे लीगचे सामने एकाच शाहू स्टेडियमवर होतात. कुस्तीसाठी निघालेल्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला, त्याला पेठांचा अभिमान चिकटला, आणि रावणेश्वर तलाव बुजवून केलेल्या त्या मैदानावर सगळ्या पेठा समोरासमोर येऊन बसल्या. मैदान सर्वांचे, म्हणून कोणा एकाचे नाही. घर असते ते गॅलरीत: अमुक बाजू अमक्यांची, तमुक बाजू तमक्यांची.

त्या गॅलरीत आम्ही कुठले? आम्हांला पेठ नाही. तरुणपणी एस.टी.ने सामना पाहायला जायचो, तेव्हा पायऱ्यांवर बसण्याआधी हमखास विचारणा व्हायची, “कुठल्या पेठेचं?” राधानगरी म्हटल्यावर एकदा एक वयस्कर गृहस्थ हसून म्हणाले, “मग पावसाळ्यात दरवाजे जरा दमानं उघडा म्हणावं.” धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी भरले की आपोआप उघडतात, हे त्यांना आमच्याइतकेच ठाऊक असणार. एवढे बोलून त्यांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसले, स्वतः सरकले, आम्हां तिघांना जागा करून दिली आणि हातातली शेंगांची पुडी पुढे केली. त्या दिवशी कोण जिंकले ते आम्हांला आठवत नाही. ते सरकणे आठवते.

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर एक शब्द आपण रोज वाचतो आणि सोडून देतो: ‘यजमान संघ’. ‘घरचे मैदान’ हा प्रयोग इंग्रजीच्या वळणाने आलेला. ‘यजमान’ हा आपल्या भाषेच्या स्वभावातून आलेला, आणि त्याच्यासमोर ‘पाहुणा संघ’. शब्द यज्ञाचा आहे. संस्कृत व्याकरण शिकवणारे आपल्याला सांगतात, की दुसऱ्यासाठी यज्ञ करणारा पुरोहित ‘यजति’ आणि ज्याला फळ मिळायचे तो ‘यजते’. या आत्मनेपदी रूपावरून यजमान आला. मंत्र पुरोहित म्हणतात, फळ यजमानाचे. पण समिधा, तूप, दक्षिणा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे जेवणखाण, सारा भारही त्याचाच. मराठीत घरधन्याला यजमान म्हणू लागले ते याच वाटेने असावे.

हा शब्द मनावर घेतला, की प्रश्नाचे रूप बदलते. ‘घर कुठे असावे’ याचे उत्तर नकाशावर बोट ठेवून देता येते. ‘यजमान कोण’ याचे उत्तर माणसांकडे बघून द्यावे लागते. गवत कोण राखणार, दिव्यांचे बिल कोण भरणार, पाऊस आला तर काय करणार, आलेल्या परक्या संघाला निर्धास्त झोप लागेल का, हे सारे त्यात येते. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात ब्राझील आणि इंग्लंड यांचा उपांत्य सामना गुवाहाटीला व्हायचा होता. पावसाने तिथले मैदान खराब झाले आणि अवघ्या दोन दिवसांत तो कोलकात्याला हलवला गेला. दोन्ही संघ परके, तरी साठ हजारांवर माणसे जमली. मास्तरांच्या बाजूने याहून बळकट पुरावा नाही, आणि तो घराचा नसून यजमानपणाचा आहे.

त्याच स्पर्धेत कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून दिल्लीत खेळला. त्या आठवड्यात आमच्या टपरीवरच काय, साऱ्या जिल्ह्यात दिल्ली घरासारखी वाटत होती. भारत तिन्ही सामने हरला, पण त्याने त्या वाटण्याला बाध आला नाही.

मग कोल्हापूर यजमान का नाही? पूर्वपरंपरा म्हणाल तर आहे. आमचे धरण ज्यांनी हाती घेतले त्या शाहू महाराजांनीच खासबागेत कुस्तीचे मैदान बांधले, कुठेही बसले तरी कुस्ती दिसावी अशा बेताने. आणि आपल्या संस्थानाबाहेरच्या, थेट उत्तरेकडच्या मल्लांनाही पदरी ठेवले. बाहेरचा मल्ल आपल्या मैदानात आला, तर मैदान मोठे होते, ही त्यांची समजूत. पण त्याच गावात फुटबॉलचे सामने हुल्लडबाजीने थांबल्याच्या, दगड भिरकावल्याच्या बातम्याही आपण हंगामामागून हंगाम वाचल्या आहेत. पाहुणा दुसऱ्या देशाचा नव्हे, पलीकडच्या पेठेचा. आणि त्याच्यावर दगड. विश्वचषक आला, की गल्लीगल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे आणि खेळाडूंचे पुरुषभर उंचीचे फलक लागतात. भारतीय संघाचा फलक आमच्या पाहण्यात क्वचितच आला. धाकट्याला हे ऐकवले, की तो गप्प होतो. मग म्हणतो, “ते बी खरं हाय.”

आता मुंबईविषयी. २०१८च्या जूनमध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले, छेत्रीने तीन गोल केले, आणि ते पाहायला अधिकृत मोजणीनुसार २,५६९ माणसे होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून हात जोडले: या, हवे तर आम्हांला नावे ठेवा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. केनियाविरुद्धचा पुढचा सामना हा त्याचा शंभरावा. त्याची सगळी तिकिटे संपली. मैदान तेच, शहर तेच, संघ तोच. दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत बदलले ते एवढेच, की कोणीतरी यजमानांना बोलावले. मुंबईचा कैवार आम्ही घेत नाही, त्याचे कारण मात्र आम्ही कधी तपासले नव्हते. यजमानाला आमंत्रण द्यावे लागते याची ती आठवण आहे, आणि तीत मुंबईकरांइतकेच आम्हीही आलो. आमच्यापैकी कोणी गेले नव्हते. मुंबई लांब पडते, असे आम्ही तेव्हा म्हणालो होतो.

मडगाव लांब पडत नाही. १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारत विरुद्ध सिंगापूर, फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर. पाच दिवस आधी सिंगापुरात रहीम अलीच्या अखेरच्या गोलने १-१ अशी बरोबरी झाली होती. आशा तेवढ्यावर टांगलेली. वर्षभर गोव्याच्या बाजूने भांडलेल्या आम्हां मंडळींनी जीप ठरवली. मग एकाचे भात कापणीला आले. मास्तरांचे सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले होते. दिवाळी तोंडावर, दुकान सोडवेना. दोघे राहिले, तर दोघांवर गाडीचा खर्च कशाला, म्हणून तेही राहिले. कोणतेही कारण खोटे नव्हते.

संध्याकाळी टपरीवर मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून आम्ही सामना पाहिला. चौदाव्या मिनिटाला छांगतेने लांबून गोल केला, तेव्हा एस.टी.चा कंडक्टरही डोकावून गेला. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-याँगने बरोबरी केली आणि उत्तरार्धात त्यानेच दुसरा गोल केला. १-२. पात्रतेची आशा संपली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकजण म्हणाले, “गोव्याला नको होता घ्यायला सामना.” धाकट्याने मोबाइल उचलला, खिशात घातला आणि विचारले, “आपण गेलतो काय?”

आम्ही गेलो असतो, तर निकाल बदलला असता अशी आमची भाबडी समजूत नाही. बदलला असता तो आमचा बोलण्याचा हक्क. ज्या मैदानाच्या पायऱ्यांवर आपण बसलो नाही, ते घर होण्याजोगे आहे की नाही, हे ठरवणारे आम्ही कोण? घर मागताना आम्ही स्वतःला पाहुणे समजत होतो: कोणीतरी जागा निवडावी, सजवावी, आणि आम्हांला बोलवावे.

वाद अजून चालू आहे. तेव्हापासून टपरीवर एक नियम मात्र झाला आहे. जो ज्या गावाचे नाव घेईल, त्याने तिथे आपण जाणार का, हे आधी सांगायचे. त्यामुळे गावे झपाट्याने कमी झाली. मास्तरांनी कोलकात्याचे भाडे काढून पाहिले आणि आठवडाभर ते त्या विषयावर बोलले नाहीत. कोल्हापूरचे नाव घेणारा धाकटा एकटाच आपल्या जागी टिकून आहे, कारण कोल्हापूरला तो जातोच. दर हंगामात, बहुधा एकटा. परवा आम्ही त्याला विचारले, की पेठ नसलेल्या माणसाला तिथे आता जागा मिळते का. तो म्हणाला, “लवकर गेलं की मिळती. मग मागनं येणाऱ्यास्नी आपण सरकून द्यायची.”