डमडमचा हिवाळा आणि वृद्धांचे सांधे

कलकत्त्यास विमानाने जाणारा प्रवासी प्रथम उतरतो तो डमडमला. तेथील विमानतळास १९९५ साली नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. तरी जुन्या माणसांच्या तोंडी ‘डमडम’च आहे. ही मूळची तोफखान्याची छावणी. १८५७ च्या जानेवारीत चरबीच्या काडतुसांची कुजबुज येथेच उठली.

पण वाचकहो, पौषात येथे आलात तर आधी नजरेस पडतील ते कानटोपी नि शाल लपेटून, उन्हाकडे पाठ करून बसलेले आजोबा. नाशिककराला हसू यावे अशी ही थंडी; पहाटेचा पारा बहुधा १२ ते १५ अंशांवर थांबतो. तरी घरोघरी गुडघ्यांचे गाऱ्हाणे सुरू होते.

थंडीने संधिवात जडतो, हा समज खरा नव्हे. उतारवयात सांध्यांतील कूर्चा झिजते. गारठ्यात स्नायू आखडतात, दुखणे अधिक जाणवते आणि माणूस जागचा हलेनासा होतो. खरा धोका तोच. न चालणाऱ्या पायांचे स्नायू दुबळे होतात, मग गुडघ्याला आधार उरत नाही आणि वेदना वाढते. काल स्वतः बाजारातून मासळी निवडून आणणारा गृहस्थ पाहता पाहता खाटेला खिळतो.

म्हणून ऊन चढल्यावर थोडे चालावेच. आधी पंधरा मिनिटे सोसवेल असा शेक घ्यावा. खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा; असे दहा वेळा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असावी. डमडमचे मेट्रो स्थानक उंचावर आहे. असे जिने चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. स्थूल माणसाचे एक किलो वजन घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो. मोहरीच्या तेलाने चोळल्यास बरे वाटते. झिजलेली कूर्चा मात्र त्याने भरून येत नाही.

वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. जठर व मूत्रपिंड यांस त्या अपाय करतात. सांधा सुजून लाल व गरम झाला, ताप आला, किंवा सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकू लागला, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको. तो आमवात असल्यास औषधे निराळी असतात, आणि ती वेळीच सुरू झाल्यास सांधे वाचतात.

आपल्या घरी वडीलधारे असतील, तर त्यांना शाल अवश्य द्या. पण तिच्याबरोबर रोज अर्धा तास सोबतही द्या. सोबत असली की पावले आपोआप घराबाहेर पडतात.