घरची शाळा

पुस्तके निवडण्याआधी वये पाहा, असे मी धाकट्या बहिणीला सांगितले. मुलांना ती घरीच शिकवते. मुलीला ७ वे वर्ष. तिला पाणचक्कीवर नेऊन झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून कसे खेळवले ते दाखवावे, आठवडा सहज सरतो. मुलगा १३ वर्षांचा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला १४ पुरी हवीत, तोवर तयारी. हे सोपे. सोबत्यांचे काय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. गुरे चरत, मुले शिकत. आमच्या अंगणात रविवारी आळीतली चिल्लीपिल्ली जमतात. भाचा त्यांना अपूर्णांक शिकवतो, भाकरी मोडून! परवा म्हणाला, "मावशी, माझ्या वयाचे कधी गं येणार?" मी अजून शोधतेच आहे.