काळ्या शाईतला चेहरा

बर्नी राइटसन हे नाव मला ठाऊक नव्हतं. चित्रकला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने सुट्टीत एक पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "खाला, घाबरू नका हं!"

पुस्तक म्हणजे मेरी शेलीची १८१८ सालची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी. चित्रं राइटसनची. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला जन्मलेला हा चित्रकार कॉमिक्स वाचत, टीव्हीवरचे चित्रकलेचे धडे पाहत शिकला. लेखक लेन वीन यांच्यासोबत १९७१ मध्ये त्याने 'स्वॅम्प थिंग' घडवला. दलदलीतून उठलेला, पालापाचोळ्याचा देह झालेला माणूस! अशा भयकथांच्या चित्रांवर त्याचं पोट चालत होतं. 'फ्रँकेन्स्टाइन'ची सुमारे पन्नास चित्रं मात्र त्याने कुणाच्या सांगण्यावरून काढली नाहीत. पोटापाण्याची कामं सांभाळून सात वर्षं तो ती काढत राहिला. १९८३ मध्ये ती पुस्तकात आली. २०१७ मध्ये तो वारला.

सगळी चित्रं काळ्या शाईची. प्रयोगशाळेच्या चित्रात काचेच्या बाटल्या आणि नळ्यांची दाटी आहे. प्रत्येक काचेवरची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद. लहानपणी आम्ही बोरूने हरफ गिरवायचो, तेव्हा उस्ताद सांगत, शाईइतकीच कोरी जागाही सांभाळा. त्यांची आठवण झाली.

१९३१ च्या सिनेमातला चपट्या डोक्याचा राक्षस जगाला पाठ आहे. राइटसनने तो बाजूला ठेवला आणि शेलीच्या शब्दांकडे गेला. त्याचा राक्षस भेसूर आहेच. लांब केस, कवटीसारखा चेहरा. पण मी पाहत राहिले, तशी भीती ओसरली आणि त्या चेहऱ्यातलं दुःख दिसू लागलं.

कादंबरीत हा राक्षस एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो. आत सफी नावाच्या तुर्की व्यापाऱ्याच्या मुलीला भाषा शिकवली जात असते. फटीतून ऐकत तोही शिकतो. पुढे तो घरातल्या म्हाताऱ्याशी बोलतो. म्हातारा आंधळा, म्हणून आपुलकीने ऐकतो. डोळस मुलगा येतो आणि त्याला काठीने झोडपतो.

इथे मी पुस्तक मिटलं. त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा नवा आला होता. स्टोव्हच्या भडक्यात त्याचा चेहरा भाजलेला. पोरं त्याला 'भूत' म्हणायची. मी पोरांना रागावले. पण लहान मुली घाबरतात म्हणून त्याला शेवटच्या बाकावर मीच बसवलं होतं. हजेरी घेताना त्याचं नाव आलं की माझी नजर रजिस्टरवरच राहायची. आपल्या मोहल्ल्याकडे, आपल्या टोपी-दाढीकडे लोक न पाहताच मत बनवतात, अशी तक्रार मी कितीदा केली असेल! आणि माझ्याच वर्गात मी काय केलं होतं?

सुट्टीनंतर त्याला पुढच्या बाकावर बोलावलं. तो आला नाही. म्हणाला, "टीचर, इथंच बरं आहे." त्याला तिथे बसायची सवय मीच लावली होती. तेव्हापासून रोज हजेरीला त्याचं नाव घेताना मान वर करून त्याच्याकडे पाहायचं, एवढं मी सुरू केलं. पुढच्या बाकावर यायला त्याला दिवाळी उजाडली.