सेवा कुणाच्या मनासारखी

वसईच्या आमच्या धर्मग्रामात संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची सभा संपत आली की एक कापडी पिशवी फिरते. मूठ मिटून हात आत घालायचा, आत उघडायची आणि पिशवी पुढे द्यायची. कुणी पाचशे टाकले, कुणी दहा, कुणी काहीच टाकलं नाही, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. खजिनदार फक्त बेरीज लिहून घेतात. तिला आम्ही ‘सीक्रेट बॅग’च म्हणतो. नव्या माणसाला हा प्रकार बाळबोध वाटतो. मला मात्र त्यात मोठं शहाणपण दिसतं. आपलं मन कौतुकाला किती लवकर सोकावतं हे ओळखून ज्यांनी ही पद्धत घातली, ते मनाला उपदेश करत बसले नाहीत. त्यांनी मोहाची वाटच बंद केली.

सोसायटी सुरू झाली पॅरिसमध्ये, 1833 साली. फ्रेडरिक ओझानाम तेव्हा अवघा वीस वर्षांचा विद्यार्थी होता आणि वादविवादात ख्रिस्ती धर्माची बाजू हिरिरीने मांडायचा. एकदा समोरच्याने सुनावलं, की जुन्या काळी तुमच्या धर्माने पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही काय करता ते दाखवा. ते वर्मी लागलं. मित्रांना घेऊन तो गरिबांच्या घरी जाऊ लागला. सिस्टर रोझाली रांद्यू यांनी त्या पोरांना घरं दाखवली, माणसांशी वागायचं कसं ते शिकवलं. म्हणजे सुरुवातीला मनात टोमण्याला उत्तर द्यायची ईर्ष्या होतीच. त्यात कमीपणा काही नाही. हेतू पुरता निर्मळ झाला की मगच सेवेला लागू, असं म्हणणारा उंबऱ्याबाहेर पडणारच नाही. जिने चढता चढता ती ईर्ष्या मागे पडत गेली असेल, असं मला आमच्या कामावरून वाटतं.

घरी जाताना दोघांनी मिळून जायचं, ही आमची दुसरी रीत. माझ्या जोडीला एक मावशी असतात, निवृत्त नर्स. नालासोपाऱ्याच्या एका चाळीतल्या आजींबद्दल औषधाच्या दुकानदाराने कळवलं तेव्हा आम्ही दोघी गेलो. आजी मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, घराणं वारकरी. यजमान गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर परळची खोली सुटली आणि बिऱ्हाड इकडे आलं. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळलेल्या. सून उत्तरेकडची, घरात शिवणकाम करून सगळं सांभाळणारी. मावशींनी तिला आधी कूस बदलायला शिकवलं. दर दोन तासांनी, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीपासून उचललेल्या. कंबरेखाली कातडी लाल दिसली की ती चोळायची नाही, त्या जागेवरचा भार काढायचा. बहुतेक घरांत प्रेमाने तेच उलटं करतात आणि जखम वाढते.

आजींनी स्वतःहून पहिल्यांदा काही मागितलं ते पायाची नखं काढून द्यायला. पिवळी, जाड, बोटाकडे वळलेली नखं. कोमट पाण्यात पाय बराच वेळ ठेवला, मग कडेकडेने थोडं थोडं कापत आणलं, कोपऱ्यात न शिरता सरळ. मी पाय मांडीवर घेतला तशी त्यांनी तो मागे ओढला. “अगं, पायाला नको हात लावूस.” मी म्हटलं, “आजी, तुमच्या पायाला हात लावायचा नाही तर कुणाच्या?” मग त्या थोड्या सैलावल्या.

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. 2013 साली पोप फ्रान्सिस तो करायला रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात गेले. ज्यांचे पाय धुतले त्यांत मुलीही होत्या, मुस्लिमही होते. त्या प्रसंगाचं मूळ योहानाच्या शुभवर्तमानात आहे आणि त्यात मला सगळ्यांत खरा वाटतो तो पेत्राचा नकार. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला सोसवत नाही. सेवा करून घेणं करण्याहून अवघड असतं. अंथरुणावरच्या माणसाला रोज ते अवघड काम करावं लागतं आणि आपण मात्र आपल्याच त्यागाचा हिशेब ठेवतो.

आजींच्या मुलाने एका संध्याकाळी आम्हाला दारातच थांबवलं. रात्रपाळीला निघाला होता. “ताई, राग मानू नका, पण चर्च तुम्हाला याचे किती देतं?” आणि लगेच पुढे, “शेवटी आईला तुमच्यात घेणार का?”

मावशी म्हणाल्या, “बरं केलंस बाबा, विचारलंस. पगारबिगार काही नाही. आणि आईचा विठोबा आईपाशीच राहील.”

मला त्या मुलाचा राग आला नाही. आईच्या उशाशी परकी माणसं येऊन बसली तर मुलाने विचारलंच पाहिजे. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला तर हा प्रश्न जुना आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. पगारी धर्मसेवेकडे लोक कसे बघतात हे त्यांच्यासारख्या माणसाला कळत नसेल असं थोडंच आहे! पुढे दोनच वर्षांनी ते गेले. त्या वयात, संसार पाठीशी असताना हातची मिळकत सोडून देणं, हे मला त्यांच्या कवितेइतकंच मोठं वाटतं.

आजींच्या उशीखाली प्लास्टिकच्या पिशवीत तुळशीची माळ आणि ज्ञानदेवांचा हरिपाठ होता. डोळ्यांत मोतीबिंदू. सुनेला मराठी वाचता येत नव्हतं आणि मुलाच्या पाळ्यांचा मेळ बसत नव्हता. एकदा मी विचारलं, “आजी, वाचून दाखवू?” त्यांनी पुस्तक माझ्या हातात इतक्या घाईने दिलं की माळ खाली पडली. माझं वाचन शाळेतल्या बाईंसारखं, स्वल्पविरामाला थांबणारं. त्यांनी दोन ओळी ऐकल्या आणि मला थांबवून बोटांनी गादीवर ताल धरला. तो ताल धरून मी पुन्हा वाचलं. त्यानंतर मी गेले की आधी हरिपाठ, मग नखं, औषधं, बाकीचं सगळं.

राखेच्या बुधवारी मी संध्याकाळच्या मिस्सावरून थेट तिकडे गेले. त्या दिवशी दरवर्षी मत्तयच्या सहाव्या अध्यायातला उतारा वाचतात: दानाचा गवगवा करू नये, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये. आणि तोच दिवस कपाळावर राख लावून घेण्याचा. हा पेच मी लहानपणापासून पाहत आले आहे आणि तो सुटू नये असंच मला वाटतं. आजींनी मला जवळ ओढून कपाळ न्याहाळलं. “बुक्का लावलास?” मी सांगितलं, राख आहे, आमचा उपवासकाळ आजपासून. “मग आज चहा नको घेऊस,” म्हणाल्या आणि सुनेला हाक मारून तसं बजावलंही.

आमच्या सभेत हरिपाठाचा विषय निघाला. एका सदस्यांनी मनापासून विचारलं, की हे आपलं काम आहे का? औषध द्यावं, धान्य द्यावं. पण ख्रिस्ताच्या नावाने गेलेल्या माणसाने तिथे हरिपाठ वाचायचा? शंका प्रामाणिक होती. मी सांगितलं ते असं: पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2005 च्या आपल्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलं आहे, की प्रेमसेवा फुकट असते, दुसरं काही साधण्याचं ते साधन नव्हे, आणि देवाबद्दल कधी बोलावं व कधी गप्प राहावं हे ख्रिस्ती माणसाला कळतं. आता आम्ही धान्य नेतो ते आम्हाला द्यायला सोपं म्हणून की त्यांना हवं म्हणून? आजींना जे हवं होतं त्याला पैसे लागत नव्हते. एक दिसणारा डोळा आणि अर्धा तास लागत होता. तो देताना माझी श्रद्धा कमी झाली नाही. घरी येऊन माळेची प्रार्थना करताना आजींचं नाव माझ्या ओठांवर असतंच.

मावशींनी एवढंच विचारलं, “वाचून झाल्यावर आजी झोपतात का?” मी हो म्हटलं. “मग वाचत जा. झोपेची गोळी द्यायला नको.”

त्याच सभेत वार्षिक अहवालासाठी आजींसोबतचा फोटो मागितला गेला. आम्ही दोघींनी नको सांगितलं आणि ते सगळ्यांनी मानलं.

आजींचा मुलगा एकदा हजार रुपये घेऊन आला. मावशींनी ते परत केले आणि पुढच्या गल्लीतल्या अर्धांगवायू झालेल्या गृहस्थांचा पत्ता दिला. त्यांना उचलून खुर्चीत बसवायला आमच्या हातांत जोर नव्हता. सुट्टीच्या दिवशी तो येतो, गळ्यात तुळशीची माळ असते. त्याचं नाव सदस्यांच्या वहीत घ्यायचं का, असं कुणीतरी विचारलं. त्यालाच विचारा, असं ठरलं. त्याने नको म्हटलं. शनिवारी किती वाजता यायचं तेवढं मात्र विचारून गेला.