भातशेतातला विमानतळ

पेणहून रोह्याकडे गाडी निघाली की कासू, नागोठणे अशी स्टेशने मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना भातशेते दिसतात. कापणी उरकली की या शेतांत विमाने उतरतात. दचकू नका, ती फोमची, दूरनियंत्रकावर उडणारी, घरी बनवलेली!

पेणला मला भेटलेला पोरगा मूर्तिकाराच्या घरचा. तुटलेले जोडण्याचा हात उपजतच. मात्र उग्र वासाचा गोंद इथे चालत नाही, थर्माकोल विरघळतो, हे त्याने मला बजावले. पंखाच्या भेगेत बांबूची काडी घालून तो गरम गोंदाने सांधतो. शेपटी जड झाली तर विमान नाक वर करून कोसळते. म्हणून पंखाच्या रुंदीचा पुढचा चौथा हिस्सा सोडून तिथे दोन बोटांवर ते तोलायचे आणि तोल जमेपर्यंत बॅटरी पुढे सरकवायची. वारा सुटायच्या आत, सकाळीच उडवायचे.

ही शेते किती दिवस मोकळी राहणार? २०२४ साली अधिसूचित झालेल्या नव्या नगराच्या हद्दीत उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावे आहेत. मी तसे म्हणताच पोरगा विमानाकडे बघत म्हणाला, "काका, पुढचे याहून हलके करतोय. अंगणात मावेल एवढे."