तंजावरचं डांगर

ताईच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक पत्ता होता. मेल वीदी, तंजावर. त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आजी. डबा आणायचा आहे.' तेवढ्यावर मी जानेवारीत चेन्नईहून रात्रीच्या गाडीत बसले. उजाडताना खिडकीबाहेर कापणीला आलेली पिवळी भातशेती दिसू लागली आणि डब्यातल्या एका बाईनं पांघरुणाची घडी करत सांगितलं, "तंजावर आलं."

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. साताऱ्याच्या आमच्या घरात तेव्हा 'शेफ' हा शब्दही कुणी उच्चारत नसे. बारावीनंतर तिनं हॉटेल मॅनेजमेंटला जायचं म्हटलं तेव्हा बाबा म्हणाले, "स्वयंपाक उद्या सासरी करायचाच आहे. त्यासाठी तीन वर्षांची फी कशाला?" आत्याचं त्याहून थेट, "म्हणजे मुलगी आचारी होणार म्हणायची!" ताई कुणाशी भांडली नाही. गेली.

पुढे चेन्नईच्या एका मोठ्या हॉटेलात लागली. पहिले काही महिने कांदे चिरण्यातच गेले. मनगटापासून कोपरापर्यंत ओव्हनच्या चटक्यांचे डाग होते. बांगड्या घातल्या की ते जास्तच दिसायचे, म्हणून तिनं बांगड्याच सोडल्या. दिवाळीला रजा कधी मिळाली नाही. लोकांचा सण म्हणजे हॉटेलची गर्दी! ती घरी यायची ती तुळशीचं लग्नही उलटून गेल्यावर. आई तिच्यासाठी फराळ राखून ठेवायची आणि तो खवट झाला असला तरी ताई तोंड वाकडं न करता खायची. वीस वर्षं तिनं हे केलं. २०२२ साली, एक्केचाळिसाव्या वर्षी, आजारपणात ती गेली.

तंजावर तिला सापडलं ते सुटीच्या दिवशी. फोनवर सांगायची, "अगं, इथं आपलं डांगर खातात!" आमच्याकडे उडदाची डाळ कोरडी खमंग भाजून, जिरं-मिरी घालून दळतात. पीठ दह्यात कालवायचं, कच्चा कांदा घालायचा, वरून हिंग-मोहरीची फोडणी. (काही भागांत डांगर म्हणजे लाल भोपळा, त्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.) तमिळनाडूत याच पदार्थाला 'डांगर पचडी' म्हणतात. ताई म्हणाली, "तुझ्या साप्ताहिकात लिही ना यावर." मी हसले होते. "डांगरावर काय लिहायचं गं? कोण वाचणार?" दोनदा ती तिकीट काढून देते म्हणाली. दोन्ही वेळा मला अंकाचं काम होतं.

सामान ठेवून आधी मोठ्या देवळात गेले. राजराज चोळानं बांधलेलं हे बृहदीश्वराचं मंदिर इसवी सन १०१० च्या सुमारास पुरं झालं. साठ मीटरहून उंच शिखर, समोर अजस्र नंदी. पण मराठी माणसाची पावलं थबकतात ती आवारातल्या एका भिंतीपाशी. दगडावर ओळींमागून ओळी देवनागरीत कोरलेल्या, भाषा मराठी! भोसले घराण्याचा हा इतिहास १८०३ साली सरफोजीराजांनी कोरवून घेतला. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात इथं गादी स्थापली, आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी खालसा करेपर्यंत ती टिकली. साताऱ्याची पोरगी मी, पण हे शाळेत दोन ओळींत उरकलं होतं.

राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. सरफोजीराजांनी जमवलेल्या संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्या इथं आहेत. याच संग्रहातलं 'शरभेंद्र पाकशास्त्र' ग्रंथालयानं छापून प्रसिद्ध केलं आहे. राजाच्या मुदपाकखान्यातल्या कृती, त्याही मराठीत! ताईनं त्याची प्रत घेतली होती. तिच्या वहीत जागोजागी त्याची टिपणं आहेत, आणि समासात तिचे शेरे: 'प्रमाण दिलेलं नाही', 'करून पाहिलं, तूप फार', 'राजाला परवडेल'. ते वाचून मी तिथल्या ओसरीवर बसून एकटीच हसले.

सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं, अशी एक कथा इकडे ऐकू येते. आमसूल संपलं आणि चिंच घातली वगैरे. पुरावा कुणी दाखवत नाही. ताई म्हणायची, गोष्ट छान आहे, पण आधी सांबार नीट करा.

मेल वीदीतलं घर दुपारी सापडलं. दारात तांदळाच्या पिठाचं कोलम. आजींनी दार उघडलं, आणि मी तोंड उघडण्याआधीच म्हणाल्या, "अक्काची बहीण?" मराठीच, पण तमिळचा हेल असलेली. कितीतरी पिढ्या हे कुटुंब इथलंच. ताई इथं यायची, पाटावर बसायची आणि आजी डाळ भाजताना तिचा रंग बघत राहायची. "हॉटेलवाली असून विचारायची, आजी, आता उतरवू?" ती गेल्याचं त्यांना हॉटेलात फोन केल्यावर कळलं होतं. मला त्यांनी काही विचारलं नाही. केळीच्या पानावर भात वाढला आणि बाजूला डांगर. कांदा नव्हता. बाकी चव आईच्या हातची. मला तो घास गिळायला वेळ लागला. आजी उठून कॉफी करायला गेल्या.

संध्याकाळी बसनं तिरुवैयारूला जाऊन आले. नदीमागून नदी ओलांडत बस कावेरीपर्यंत जाते. काठावर त्यागराजांची समाधी आहे, आणि गावात मूगडाळीचा 'अशोका' हलवा मिळतो. ताईला तो आवडायचा. मला तुपकट वाटला.

निघताना आजींनी फडताळातून स्टीलचा डबा काढला. झाकणावर आईचं नाव आणि तिच्या लग्नाची तारीख कोरलेली. हा डबा आई कित्येक वर्षं शोधत होती, भांडी घासणाऱ्या बाईंवर संशयही घेऊन झाला होता. ताईनं त्यात आजींसाठी लाडू नेले होते. "रिकामा कसा द्यायचा?" असं म्हणत आजींनी डांगराचं पीठ काठोकाठ भरलं आणि झाकण तळव्यानं दाबून बसवलं.

साताऱ्याला पोचल्यावर डबा आईच्या हातात दिला. तिनं झाकणावरचं नाव अंगठ्यानं दोनदा चाचपलं. मग झाकण काढून वास घेतला आणि म्हणाली, "घरात दही आहे का बघ गं."