सात की साठ?

२०२४-२५ च्या हंगामात कापसाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७१२१ आणि लांब धाग्याला ७५२१ रुपये क्विंटल होता. कागदावर हे आकडे वाचायला क्षणही लागत नाही. पण फोनवरून, यंत्राच्या तोंडून, राळेगावच्या किंवा घाटंजीच्या शेतकऱ्याला ते पहिल्याच वेळी नीट कळावेत, आणि 'पांढरकवड्याचा भाव सांग' हे त्याचं बोलणं यंत्राला उमगावं, या कामात एका संगणक अभियंत्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या गावात वाढला, पुण्यात नोकरीला लागला आणि आवाजावर चालणाऱ्या यंत्रणांच्या कामात रमला तो कायमचा.

सुरुवात झाली यंत्राला बोलतं करण्यापासून. 'मराठीसाठी एक दाबा' असं सांगणाऱ्या फोनसेवांचा तो काळ होता. इंग्रजी आकडे बोलायचे तर शून्य ते एकोणीस आणि पुढे वीस, तीस, चाळीस असे अठ्ठावीस तुकडे ध्वनिमुद्रित केले, की नव्व्याण्णवपर्यंतचं काम भागतं. मराठीत तशी सोय नाही. एकवीस, बत्तीस, त्रेचाळीस, चौपन्न, प्रत्येकाचं रूप वेगळं. म्हणून शंभरच्या शंभर आकडे म्हणून घ्यावे लागतात. तेही दोनदा. 'सात हजार पाचशे एकवीस' म्हणताना माणसाचा सूर 'हजार'वर वर राहतो आणि 'एकवीस'वर खाली उतरतो. मधला आकडा शेवटी लावला, तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. शेवटचा मध्ये लावला, तर वाक्य संपलं असं समजून तो मान हलवतो आणि पुढचं त्याच्या हातून निसटतं.

शिवाय ७५०० ला बाजारात 'सात हजार पाचशे' कोण म्हणतं? तिथे 'साडेसात हजार' चालतं. ७२५० म्हणजे सव्वासात, ६७५० म्हणजे पावणेसात. प्रोग्रॅममध्ये हे नियम लिहायला फार वेळ लागत नाही. पण ते लिहिले पाहिजेत हे ज्याने बाजार समितीत उभं राहून सौदे ऐकलेत, त्याला आधी सुचतं. या अभियंत्याला ते सुचलं, कारण ते त्याच्या कानावर लहानपणापासून होतं.

यंत्राला ऐकायला शिकवणं त्याहून कितीतरी अवघड. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९५२ साली 'ऑड्री' नावाचं यंत्र तयार झालं. ते शून्य ते नऊ एवढेच अंक ओळखायचं, तेही ज्याच्या आवाजाशी ते जुळवलेलं असेल त्याचेच. १९६२ च्या आयबीएमच्या 'शूबॉक्स'ला सोळा शब्द येत होते. १९७६ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'हार्पी' हजारावर पोचली. त्याच दशकात शास्त्रज्ञांनी ध्वनीचे काटेकोर नियम बांधण्याऐवजी शक्यता मोजायला सुरुवात केली: कानावर पडलेल्या या लहरी कोणत्या शब्दाच्या असण्याची शक्यता सगळ्यात जास्त? आजच्या यंत्रणांचं गणित बदललं, पण त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

फोन म्हटला की आणखी एक अडचण येते. जुन्या टेलिफोन वाहिनीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जातो. 'स'चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो, म्हणजे तो वाटेतच गळतो. मोबाइलवर आवाज आणखी दाबून पाठवतात. त्यामागच्या गणितात कानपूरचे बिष्णू अटल यांचा मोठा वाटा आहे. बेल लॅब्जमध्ये त्यांनी विकसित केलेल्या पद्धतींच्या आधारावर जगभरचे फोन कमी जागेत आवाज वाहून नेतात. माणसाला त्याने काही अडत नाही. कान आणि अनुभव मिळून गळलेलं भरून काढतात. यंत्राला ते शिकवावं लागतं.

'सात' आणि 'साठ' घ्या. दोन्हींतला फरक शेवटच्या 'त' आणि 'ठ'मध्ये, म्हणजे सेकंदाच्या काही शतांश भागात. फोनवर, वाऱ्यात, ट्रॅक्टर सुरू असताना तो पुसट होतो. 'सात हजार' की 'साठ हजार' हे यंत्र संदर्भावरून ठरवू शकतं, कारण कापसाला साठ हजारांचा भाव नसतो. पण 'सात क्विंटल' की 'साठ क्विंटल'? दोन्ही शक्य. तिथे कितीही हुशार गणित असलं, तरी विचारून घेण्याला पर्याय नाही.

मराठीत या कामाचं एक ठोस उदाहरण आहे. केंद्र सरकारच्या मदतीने २०१० नंतरच्या काळात सहा भारतीय भाषांमध्ये शेतमालाचे भाव फोनवर बोलून विचारता येतील अशा यंत्रणा तयार झाल्या. आसामी, बंगाली, हिंदी, तमिळ आणि तेलुगूबरोबर मराठीही त्यात होती. मराठीचं काम मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी केलं. शेतमालाचं नाव, जिल्हा, बाजार असं एकेक विचारायचं आणि सरकारच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावरचा, म्हणजे 'अ‍ॅगमार्कनेट'वरचा भाव ऐकवायचा, अशी रचना. त्यासाठी शेतकऱ्यांचे आवाज गोळा केले ते त्यांच्याच फोनवरून आणि त्यांच्याच भोवतालच्या गोंगाटासकट. या अभियंत्याच्या मनात या प्रकल्पाला मानाचं स्थान आहे. बंद खोलीत निवेदकाकडून वाचून घेतलेल्या शब्दांवर शिकलेलं यंत्र गावात टिकत नाही, हे तिथे कामाच्या आखणीतच धरलेलं होतं.

त्या पिढीच्या यंत्रणांना उच्चारकोश लागायचा: शब्द आणि त्यासमोर त्याचे ध्वनी. पुण्यात बसून केलेल्या कोशात 'केळी'चा उच्चार एकच असतो. वऱ्हाडी बोलणारा ती 'केयी' म्हणतो, शाळेला 'शाया', काळ्याला 'काया'. 'कोण'चा 'कोन' होतो, 'मला'चं 'मले'. हे सगळे उच्चार नियमाने होतात, आणि कोशात नसले की यंत्र बोलणाऱ्यालाच चुकीचा ठरवतं. असे उच्चार एकेक करून कोशात भरणं हे या अभियंत्याच्या आयुष्यातलं सगळ्यात आवडीचं काम. एखादा शब्द भरला, की काल ज्याला 'माफ करा, पुन्हा बोला' ऐकावं लागलं, त्याला आज सरळ भाव मिळतो. सॉफ्टवेअरच्या धंद्यात इतका थेट परिणाम क्वचित दिसतो.

'पुन्हा बोला' हे वाक्यही त्याने पुष्कळ घासलं. पहिल्यांदा ऐकलं नाही तर यंत्राने तेच वाक्य पुन्हा म्हणू नये. काय बोलायचं याचा नमुना द्यावा. दुसऱ्यांदाही जमलं नाही, तर जवळचे दोन पर्याय ठेवून हो-नाही विचारावं. तिसऱ्यांदा कॉल माणसाकडे द्यावा. खात्री असेल तिथे विचारत बसू नये, कारण फोन करणारा शेतात उभा असतो. पण चूक महाग पडणार असेल, तिथे खात्री असली तरी विचारावं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातच कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि कित्येक शेतकरी, शेतमजूर दगावले. औषधाचं नाव आणि पंपामागे किती मिली, हे सांगणाऱ्या यंत्राने आकडा दोनदा म्हणावा, समोरच्याकडून वदवून घ्यावा आणि शंका आली तर सल्ला न देता कृषी अधिकाऱ्याकडे पाठवावं, असं तो ठामपणे मांडतो.

आता काळ झपाट्याने पुढे गेला आहे. २०१७ मध्ये गुगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली. २०२२ मध्ये आलेलं, बोलणं लिहून देणारं 'व्हिस्पर' हे मॉडेल ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर शिकलेलं आहे. त्याला उच्चारकोश लागत नाही. त्याच वर्षी भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारची 'भाषिणी' ही योजना सुरू झाली. चेन्नईच्या 'एआय फॉर भारत' गटाने १४५ जिल्ह्यांतल्या १६ हजारांवर लोकांचं बोलणं २२ भाषांत जमवलं. वाचलेल्या मजकुरापेक्षा मोकळं बोलणं त्यात कितीतरी जास्त आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या 'वाणी' प्रकल्पात लोकांना चित्र दाखवून त्यावर बोलायला सांगतात, आणि देशातल्या सगळ्या जिल्ह्यांपर्यंत पोचण्याचं त्यांचं उद्दिष्ट आहे.

या अभियंत्याला याचा मनापासून आनंद आहे. तरी त्याचं लक्ष २२ या आकड्यावर अडकतं. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या त्या भाषांमध्ये कोलामी नाही, गोंडी नाही, बंजारांची गोरमाटी नाही. यवतमाळ जिल्ह्यात या तिन्ही घराघरांत बोलल्या जातात: झरी जामणी, मारेगाव, केळापूरकडे कोलामी आणि गोंडी, पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडे गोरमाटी. लिहिलेला मजकूर थोडा म्हणून या भाषा मागे पडतात. पण आवाजाच्या यंत्रणेचा उपयोग सगळ्यात जास्त तिथेच आहे, जिथे लिहिणं-वाचणं आड येतं. छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या 'सीजीनेट स्वरा'ने आवाज ओळखणाऱ्या यंत्राची वाटही पाहिली नाही. लोक साध्या फोनवरून आपल्या भाषेत बातमी नोंदवत, माणसं ती ऐकून पारखत आणि इतरांना फोनवर ऐकता येईल अशी ठेवत.

हल्ली त्याच्या हाताखाली नवी मुलं आली, की तो त्यांना लगेच कोड लिहायला देत नाही. आधी फसलेल्या कॉलची ध्वनिमुद्रणं ऐकायला देतो. यंत्राला काय ऐकू आलं, माणूस खरं काय म्हणाला, तो कुठे थांबला, कुठे वैतागला आणि कोणत्या शब्दावर त्याने फोन ठेवला, हे त्यांनी वहीत लिहून काढायचं. सध्या त्याच वहीत एक नवा रकाना वाढला आहे. बोलणाऱ्याने मध्येच मराठी सोडून कोणती भाषा धरली, हे त्यात भरायचं असतं. तो रकाना भरायला मारेगाव आणि झरी जामणीतली कोलामी बोलणारी माणसं पगारावर घ्यावीत, ही मागणी त्याने वरिष्ठांकडे लेखी दिली आहे.